बुटकी पिवळी कुमुदिनी आणि तळ्याचे पाणी

तळ्यात वाढणाऱ्या वनस्पतींचे शेतकऱ्याच्या बोलीत सामान्यतः दोनच वर्ग असतात. ज्यांचे फूल देवाला वाहता येते ती कमळे, व उरलेले सर्व शेवाळ. तळे साफ करण्याची वेळ आली म्हणजे दुसऱ्या वर्गातील सर्व वनस्पती सरसकट उपटल्या जातात आणि पुष्कळदा पहिल्या वर्गातील वनस्पतीही त्यांच्याबरोबर जातात. त्यांपैकी कोणती पाण्यास उपकारक व कोणती अपायकारक, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. म्हणून या लेखात आम्ही परदेशातील एका लहानशा जलवनस्पतीची माहिती देत आहोत. ही वनस्पती महाराष्ट्रात आढळत नाही. तथापि तिच्या जीवनक्रमाचा वनस्पतिशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला असून, शेतातून तळ्यात काय वाहून जाते याचा हिशेब तिच्यावरून फार स्पष्टपणे कळतो.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव नुफार पुमिला. पुमिला म्हणजे बुटकी. नुफार हा शब्द मात्र मुळात आपलाच आहे. संस्कृतातील नीलोत्पल या शब्दाचे फारसीत नीलूफर झाले, तेथून तो अरबीत व पुढे मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला आणि शेवटी युरोपातील पिवळ्या फुलाच्या कुमुदिनीस चिकटला. निळ्या कमळाचे नाव पिवळ्या फुलाला मिळाले, आणि नामकरण करणाऱ्यांस त्याचे काहीच वावगे वाटले नाही! जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग प्रांतातील टिम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या वनस्पतीस मोठ्या पिवळ्या कुमुदिनीचा एक प्रकार म्हणून नोंदविले. पुढे 1821 साली द कांदोल यांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला.

उत्तर व मध्य युरोपापासून सैबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन, कोरिया व जपानपर्यंत ही जात विखुरलेली आहे. स्कॉटलंडमधील डोंगराळ सरोवरे, आल्प्स पर्वतातील लहान तळी, जपानातील ओझे येथील दलदल ही तिची वस्तीची ठिकाणे. ओझे येथील प्रकारात फुलाच्या मधली चकती तांबडी असते, एवढाच काय तो ठळक फरक. या सर्व ठिकाणांत एक गोष्ट समान आहे. पाणी थंड, संथ, स्वच्छ आणि पोषणद्रव्यांच्या दृष्टीने बेताचे असते.

आता वनस्पतीची रचना पाहू. तळ्याच्या चिखलात आडवे पसरणारे जाड खोड असते. त्यास आपण हळदीच्या किंवा आल्याच्या गड्ड्याप्रमाणे भूमिगत खोड म्हणू. त्यावर गळून गेलेल्या पानांच्या खुणा एकापुढे एक दिसतात. या खोडापासून दोन प्रकारची पाने निघतात. पहिली पाने पाण्याखालीच राहतात. ती पातळ, जवळजवळ पारदर्शक व कडेला लहरदार असतात. दुसरी पाने लांब देठावर वर येऊन पाण्यावर तरंगतात. ती चिवट व गुळगुळीत असून त्यांचा आकार बदामासारखा व देठाजवळ खाच असलेला असतो. त्यांची लांबी साधारणतः 4 ते 14 सेंटीमीटर भरते. आपल्या शेतातील पिकांची पर्णरंध्रे बहुधा पानाच्या खालच्या बाजूस अधिक असतात; या तरंगत्या पानांची मात्र वरच्या बाजूस असतात, कारण खालची बाजू सदैव पाण्याला टेकलेली असते.

फूल पाण्याच्या किंचित वर उभे राहते व त्याचा व्यास 1.5 ते 3.5 सेंटीमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या आसपास असतो. ज्या पिवळ्या वाटीस आपण पाकळ्या समजतो ती वास्तविक निदले होत. खऱ्या पाकळ्या आतल्या बाजूस अगदी लहान असून मधुरस पुरविण्याचे काम करतात. मध्यभागी स्त्रीकेसराची चकती असते आणि तिच्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा असतात. ओळख पटविण्यास हीच चकती उपयोगी पडते. बुटक्या जातीत या रेषा बहुधा 8 ते 10 असून चकतीची कड चांदणीसारखी कातरलेली असते. मोठ्या पिवळ्या कुमुदिनीत त्या 15 ते 20 असतात व कड सरळ वर्तुळाकार असते. केवळ आकारावरून जात ठरवू नये. खताअभावी खुरटलेली ज्वारी ही जशी वेगळी जात होत नाही, तशीच खुरटलेली मोठी कुमुदिनी बुटकी होत नाही. रेषा मोजाव्यात.

परागीभवनाची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. फूल उमलते तेव्हा प्रथम स्त्रीकेसर ग्रहणक्षम होतो. पुंकेसर मागाहून पक्व होतात. त्यामुळे दुसऱ्या फुलावरून माश्या व कीटक जो पराग आणतात त्याचाच पहिला उपयोग होतो. फळ सुरईच्या आकाराचे असते. ते पक्व झाल्यावर त्याचे भाग सुटे होऊन आतील हवेमुळे काही काळ तरंगत जातात, आणि मग बिया तळाशी बसतात.

या वंशाचे सर्वांत नवलाचे कार्य डोळ्यांस दिसत नाही. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, मग तेथील खोड जगते कसे? अमेरिकेत डेसी या संशोधकांनी 1980 साली पिवळ्या कुमुदिनीवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानांत हवा ओढली जाऊन तिचा दाब किंचित वाढतो. ती हवा देठातील पोकळ्यांतून खाली खोडात जाते व जुन्या पानांच्या देठांतून परत वर येऊन बाहेर पडते. एका कोवळ्या पानातून एका दिवसात 22 लिटरपर्यंत हवा खाली जाऊ शकते. धानाच्या मुळांनाही चिखलात अशाच पोकळ पेशीजालातून हवा मिळते, हे धान पिकविणाऱ्या बंधूंस ठाऊक असेलच. परंतु कोवळ्या पानांनी आत घ्यावे आणि जुन्या पानांनी बाहेर सोडावे असा हा वाहता वारा निराळाच आहे. पाने तोडली की हा वारा थांबतो. पुन्हापुन्हा पाने तोडल्याने अथवा ती अंधारात राहिल्याने खोड दुबळे होते, त्याचे एक कारण हे होय.

येथेच बुटक्या जातीचे दुखणे सुरू होते. वसंत ऋतूत खोडातील साठ्याच्या बळावर प्रथम पाण्याखालची पाने वाढतात आणि त्यांना तळापर्यंत पोचणारा प्रकाश लागतो. भोवतालच्या शेतांतून, गोठ्यांतून व वस्तीतून नत्र आणि स्फुरद तळ्यात उतरू लागले की प्रथम सूक्ष्म शैवाल फोफावते. पाणी हिरवे व गढूळ होते आणि प्रकाश हातभर खोलीवरच अडतो. मोठ्या जातीचे खोड जाड, साठा मोठा. ती हा काळ रेटून नेते. बुटकीचे खोड बारीक, म्हणून तीच प्रथम मागे हटते. इंग्लंडमध्ये आज ही वनस्पती श्रॉपशायरमधील कोल मियर या एकाच तळ्यात नैसर्गिकरीत्या उरलेली आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे प्रचंड खंड वितळून ज्या खोलगट जागा राहिल्या, त्यांत त्या भागातील अशी तळी तयार झाली. भोवताली शेती व कुरणे आहेत. पाण्यात पोषणद्रव्यांची झालेली भर आणि काठावरच्या झाडांची वाढलेली सावली ही तेथील मोठी चिंता आहे.

दुसरा धोका तिच्या नात्यातीलच आहे. दोन्ही जाती जवळ वाढल्यास त्यांचा संकर होतो. त्याची चकती व पाने मधल्या प्रमाणाची असून त्याचे पुष्कळसे पराग वांझ असतात. तरीही भूमिगत खोडाने तो पसरत राहतो. काही तळ्यांत बुटकी जात नाहीशी झाली आहे आणि तिची खूण म्हणून हा संकरच तेवढा उरला आहे.

या सर्व प्रकारात स्फुरदाचे वर्तन ग्रामसेवकांनी विशेष ध्यानात घ्यावे. नत्र पाण्यात विरघळून जाते. स्फुरद मुख्यतः मातीच्या कणांना धरून राहते. म्हणजे शेताची माती तळ्यात गेली की तिच्याबरोबर सुपर फॉस्फेटही गेले. तळाच्या गाळात ते लोहाशी बांधलेले राहते, परंतु गाळातील प्राणवायू संपला की ते सुटून पुन्हा पाण्यात येते. म्हणून बाहेरून येणारे खत थांबविले तरी तळे लगेच निवळत नाही. मागील अनेक वर्षांची उधारी तळाशी साठलेली असते. शेतकऱ्याने पैसे देऊन घेतलेले खत पिकाला न मिळता तळे बिघडविण्याच्या कामी येते, यापरता दुहेरी तोटा कोणता?

महाराष्ट्रात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांच्या संदर्भात हा विचार अगत्याचा आहे. पूर्वी कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले हे तलाव 1950 नंतर मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची देखभाल ढिली पडली. गाळ साचला, कडेने बेशरम माजली, पाण्याखालच्या व तरंगत्या पानांच्या वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आश्रयाने अंडी घालणारे देशी मासेही कमी झाले. काही गावांत ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी बेशरम उपटून, तलावाचा तळ नांगरून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. आमच्या मते नुसता गाळ काढण्यापेक्षा हे काम अधिक शहाणपणाचे आहे.

कोणती वनस्पती ठेवावी व कोणती काढावी, याची साधी परीक्षा अशी. वनस्पती हाताने अलगद उचलावी. मुळे पाण्यात लोंबत असतील, देठ फुगीर असेल व ती जागेवरून सहज सरकत असेल, तर ती जलपर्णी होय. ती फुलण्यापूर्वीच काढून काठापासून दूर न्यावी व तिचे कंपोस्ट करावे. देठ लांब, लवचीक असून खाली चिखलात रुजलेला असेल, तर ती कुमुदिनीच्या वळणाची वनस्पती समजून निदान चौकशी होईपर्यंत राहू द्यावी. अशा वनस्पतीने सर्व पाणी झाकून टाकले असल्यास मधून वाटा पाडाव्यात. सबंध उपटून टाकू नये.

तळ्याच्या वरच्या अंगास शेत असणाऱ्यांनी काठालगत गवताचा रुंद पट्टा राखावा. शेणखताचा खड्डा उताराच्या वाटेवर करू नये. स्फुरद माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे पेरणीच्या वेळी मातीत मिसळून द्यावे. धानास युरिया हप्त्याने द्यावा, आणि दिल्यावर काही दिवस बांधीतील पाणी बाहेर सोडू नये. जोराचा पाऊस येण्याची चिन्हे असतील तर हप्ता पुढे ढकलावा.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 साली सुरू झाल्यापासून तलावांतील गाळ यंत्राने काढून शेतात नेणे सोपे झाले आहे. हा गाळ शेतास हितकर आहे व तलावातील स्फुरदाचा साठाही त्याबरोबर बाहेर जातो. परंतु यंत्र ज्या गाळात चालते त्यातच या वनस्पतींची खोडे व बिया असतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी, पाने दिसत असतानाच, त्यांच्या जागेभोवती बांबू रोवून खुणा कराव्यात व काठाचा एखादा उथळ कोपरा न खणता सोडावा. तो सोडणे अशक्य असल्यास डोळा असलेले खोडाचे तुकडे काढून ओल्या चिखलात, सावलीत ठेवावेत आणि पावसाळ्याच्या आरंभी गुडघाभर पाण्यात पुन्हा लावावेत. लावलेल्या जागी पहिला हंगाम म्हशी उतरू देऊ नयेत.