‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात सिकलसेलची तपासणी कशी होते ते पाहा. बोटाला सुई टोचून घेतलेले थोडेसे रक्त द्रावणाच्या नळीत सोडतात. नळीमागे काळ्या रेघांचे कार्ड धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. रजिस्टरमध्ये एक शब्द पडतो आणि रांगेतला पुढचा माणूस बोट पुढे करतो.

या एका शब्दात दोन वेगळी आयुष्ये कोंबली जातात. आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. तो बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. दोघांकडूनही आले तर ‘एसएस’. त्याच्या वाट्याला हाडे फोडणाऱ्या वेदना, रक्तक्षय आणि दवाखान्याच्या फेऱ्या येतात. नळी मात्र दोघांचीही गढूळच होते. फरक कळतो तो पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत. दरम्यान संगणकात नुसतेच ‘पॉझिटिव्ह’ चढले, तर तालुक्यात रुग्ण किती हे त्या आकड्यावरून कोणालाच सांगता येणार नाही.

जैववैद्यकीय संशोधनात गेली पंचवीस-तीस वर्षे ज्या नियंत्रित शब्दसंग्रहांची आणि ऑन्टॉलॉजींची एवढी चर्चा चालली आहे, तिचे मूळ अशाच अडचणीत आहे. नियंत्रित शब्दसंग्रह म्हणजे कोणत्या गोष्टीला कोणते नाव द्यायचे याची ठरवून घेतलेली यादी. ऑन्टॉलॉजी त्याच्या पुढे जाते. प्रत्येक संकल्पनेला ती कायमचा क्रमांक देते, व्याख्या देते, आणि ही संकल्पना कशाचा प्रकार, कशाचा भाग, कशाचा परिणाम, ही नातीही लिहून ठेवते. त्यामुळे ही नाती संगणकालाही वाचता येतात.

नागपूरचा जुना विषय

सिकलसेल विदर्भाला नवा नाही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात ही पेशी प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या परिसरात नोंदली गेली. मध्य भारतातील वाहकांविषयीचा शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेव्हापासून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत आणि इतरत्र या आजारावर काम होत आले आहे. नागपुरात सिकलसेलग्रस्तांसाठी झटणाऱ्या संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पारशिवनी तालुक्यात हा प्रश्न सगळ्या बाजूंनी दिसतो. उत्तरेला पेंचचे जंगल आणि कोलितमाऱ्याकडची आदिवासी वस्ती, दक्षिणेला कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि ठिकठिकाणाहून आलेली कामगार कुटुंबे. एकाच माणसाची नोंद उपकेंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, खाणीच्या दवाखान्यात आणि नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये अशी चार ठिकाणी असू शकते. चारही ठिकाणची भाषा एक नसेल तर एका माणसाचे कागदोपत्री चार रुग्ण होतात, नाहीतर तो कुठेच धड मोजला जात नाही.

मोजण्याची खानेसुमारी

आजारांना क्रमांक देण्याची जुनी आणि सर्वांत वापरातली पद्धत म्हणजे आयसीडी, आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. तिचे मूळ पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी पुष्कळ रुग्णालयांचा व्यवहार अजून दहावीवरच चालतो. दहावीत सिकलसेलचे घर डी५७. त्यात डी५७.० म्हणजे वेदनेच्या झटक्यासह आजार, डी५७.१ म्हणजे झटक्याविना, डी५७.२ म्हणजे सिकलसेलबरोबर दुसरा हिमोग्लोबिन दोष असलेला जोडप्रकार, आणि डी५७.३ म्हणजे वाहक.

मेख इथेच आहे. अहवाल टिंबापुढचा अंक गाळून नुसत्या डी५७ वर बेतला, तर धडधाकट वाहक रुग्णांच्या बेरजेत जाऊन बसतात. चूक कोणा कारकुनाची नाही. वर्गीकरणाचे काम प्रत्येक नोंद एका कप्प्यात टाकून मोजणे एवढेच असते. कप्पे कुठे एकत्र करावेत आणि कुठे करू नयेत, हे तो क्रमांक स्वतःहून सांगत नाही.

नाती लिहून ठेवणारी शास्त्रे

ही उणीव प्रयोगशाळांना आधी जाणवली. फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या जनुकांच्या माहितीकोशांनी १९९८ मध्ये एकत्र येऊन जीन ऑन्टॉलॉजी सुरू केली. एकच काम करणाऱ्या जनुकाला तिघे तीन तऱ्हेने वर्णन करत होते. आता जनुकाची नोंद तीन अंगांनी होते: त्याचे रेणू काय करतात, कोणत्या प्रक्रियेत भाग घेतात आणि पेशीत कुठे असतात. सिकलसेलशी संबंधित एचबीबी या जनुकापुढे म्हणूनच ऑक्सिजन वाहण्याचे काम, ऑक्सिजनची ने-आण आणि हिमोग्लोबिनचा जोडसंच अशा नोंदी दिसतात.

जनुकातला बदल लिहिण्याचीही शिस्त लागते, आणि तीही बदलते. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले की सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आलेले असते. ही जागा साखळीतली सहावी म्हणून पाठ्यपुस्तकांत पक्की झाली. नव्या नियमांप्रमाणे मोजणी सुरुवातीच्या मेथिओनिनपासून होते, म्हणून तीच जागा आता सातवी. जुन्या लेखातला ‘सहावा’ आणि नव्या अहवालातला ‘सातवा’ हा एकच बदल आहे, हे कोशात जोडलेले नसेल तर संगणक त्यांना दोन वेगळे दोष समजेल.

लक्षणांसाठी २००८ पासून ह्यूमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजी आहे. खास सिकलसेलसाठीची ऑन्टॉलॉजी मात्र आफ्रिकेने पुढाकार घेऊन घडवली. केपटाउन विद्यापीठातील मंडळी तिच्या केंद्रस्थानी होती आणि तिचे सविस्तर वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात आजाराचे प्रकार, लक्षणे, तपासण्या, उपचार आणि रुग्णाचे जगणेही आले आहे. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांनीच त्याची शब्दव्यवस्था रचायला घेतली, ही गोष्ट आपण मनावर घेण्यासारखी आहे.

इथली भाषा कुठे बसते?

विदर्भातल्या एखाद्या आईने सांगितले की लेकराला ‘कावीळ’ झाली, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे डोळे पिवळे पडले, दुसरा म्हणजे यकृताला संसर्ग झाला. सिकलसेलच्या मुलाचे डोळे पुष्कळदा तांबड्या पेशी लवकर फुटत असल्यामुळे पिवळे दिसतात. ऑन्टॉलॉजीत लक्षण वेगळे आणि आजार वेगळा. नोंद घेणाऱ्याने ‘कावीळ’ सरळ हेपटायटिसच्या क्रमांकाखाली टाकली, की पुढचा संशोधक चुकीच्या वाटेला लागला म्हणून समजा. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजणे ही सिकलसेलची एक अगदी सुरुवातीची खूण. तिला डॉक्टर डॅक्टिलायटिस किंवा हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, घरचे ‘हातपाय सुजले’ एवढेच म्हणतात. तिन्ही बोल एकाच क्रमांकाशी बांधलेले हवेत.

समाजाच्या नावांचा प्रश्न याहून नाजूक. सिकलसेलवरच्या अभ्यासांत समूहांची नावे येतातच. १९५६ च्या दीक्षाभूमीवरील धर्मांतरानंतर मात्र एका अभ्यासात ‘महार’ म्हणून नोंदलेले लोक दुसऱ्यात ‘बौद्ध’ आणि तिसऱ्यात ‘नवबौद्ध’ म्हणून भेटतात. आकडे शेजारी ठेवले तर तीन समूह वाटतात. इथे पर्यायी नावे जोडताना संगणकशास्त्राइतकेच इतिहासाचे भान लागते, आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो याचा मानही राखावा लागतो.

‘तीव्र आजार’ या शब्दाचेही तसेच. भारतातल्या सिकलसेलचा अरब-भारतीय प्रकार सौम्य असतो, असा समज बराच काळ होता. मध्य भारतातल्या मुलांच्या अभ्यासांनी त्याला धक्का दिला. पण एकाने वर्षातल्या झटक्यांवरून तीव्रता ठरवली, दुसऱ्याने रक्त किती वेळा चढवले यावरून, तर नागपूर आणि नायजेरियाची तुलना करायची कशी?

देशातली तयारी

आपल्याकडे साधनांची वानवा नाही. वैद्यकीय संज्ञांचा अवाढव्य कोश असलेल्या स्नोमेड सीटीचे सदस्यत्व भारताने २०१४ मध्ये घेतले. देशातला त्याचा कारभार पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र पाहते. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांना आयसीडी-११ मध्ये जागा देणारे प्रकरण १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत प्रकाशित झाले. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आभा क्रमांक एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी जोडू शकतो. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानाने चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे.

अडते ते दिल्ली-पुण्याचा कोश आणि गावातले रजिस्टर यांच्यामध्ये. आशाताईंनी किंवा सिस्टरने क्रमांक पाठ करावेत ही अपेक्षाच चुकीची. त्यांच्यापुढचा फॉर्मच असा हवा की ‘पॉझिटिव्ह’ निवडल्यावर ‘पुष्टी बाकी’ असे आपोआप लागेल, आणि एएस, एसएस की जोडप्रकार, हे पुढच्या तपासणीनंतरच भरता येईल. मराठी बोल पडद्यावर, क्रमांक पडद्यामागे. नोंद होतानाच पुसला गेलेला फरक नंतर कितीही हुशार संगणकाला परत आणता येत नाही.

लग्न जुळवतानाही याची झळ बसते. वाहकाच्या नावापुढे ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ एवढेच राहिले तर गाव त्याला रोगी ठरवून मोकळे होते. अचूक नोंद ही म्हणूनच त्याच्या अब्रूचीही बाब आहे, आणि ती कोणाच्या नजरेला पडावी यालाही तितकेच कडक नियम हवेत.

अभियानाचे ध्येय २०४७ पर्यंत निर्मूलनाचे आहे. त्यातली मुख्य खटपट दोन वाहकांना लग्नाआधी आणि गरोदरपणात योग्य सल्ला मिळावा, एसएस बाळांचे जन्म घटावेत, ही. पण वाहक स्वतः कमी होणार नाहीत. निदान तेवढ्या वर्षांत तर नाहीच. उलट तपासण्या वाढतील तसे ते अधिक सापडतील. वाहक आणि रुग्ण एकाच आकड्यात मिसळलेले राहिले, तर अभियान यशस्वी होऊनही कागदावर आजार वाढतच गेलेला दिसेल आणि फसले तरी ते कळणार नाही. नावे आधी वेगळी केली तरच यशापयश मोजता येईल.