सुरतेच्या ताटातील मॅकरोनी

‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी एक म्हण गुजरातेत फार दिवसांपासून चालत आली आहे. जेवावे तर सुरतेत आणि देह ठेवावा तर काशीत, असा तिचा भावार्थ. महाराष्ट्राला सुरत म्हटली की शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली केलेल्या दोन स्वाऱ्या आठवतात. परंतु ज्या समुद्रव्यापाराने या शहरात एवढी संपत्ती साठवली, त्याच व्यापाराने त्याच्या स्वयंपाकघरातही पुष्कळ काही आणून ठेवले. घारी, पोंक आणि उंधियू यांच्या या गावात आज लग्नाच्या पंगतीलाही एखादा ‘बेक्ड’ पदार्थ असतो. अननसाचे तुकडे घातलेली, वरून चीज खरपूस झालेली भाजलेली मॅकरोनी ही गुजराती शाकाहारी भोजनगृहांची तर आवडती गोष्ट होऊन बसली आहे.

मूळ पदार्थ अर्थात युरोपातला. एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज पाककुशल बाईंनी १७६९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चीज घातलेल्या मॅकरोनीची कृती सापडते. अलीकडे तिकडे या पदार्थात इटलीतील एक तिखटजाळ, लोण्यासारखे पावाला फासता येणारे सॉसेज मिसळण्याची चाल पडली आहे. असा पदार्थ आपल्याकडे करावयाचा झाला, तर पहिली अडचण येते ती नावांची. अमुक चीज मिळत नाही, तमुक सॉसेज घरात चालत नाही. मग जे हाताशी येईल ते घालून पदार्थ उरकला जातो आणि बिघडला म्हणजे दोष परक्या पाककृतीला दिला जातो. वस्तुतः जिनसाचे नाव पाहण्यापेक्षा त्याचे काम ओळखणे अधिक उपयोगाचे. काम कळले की काय बदलता येते आणि काय बदलता येत नाही, हे आपोआप कळते.

प्रथम मॅकरोनीचेच पाहावे. ती म्हणजे कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याची, नळीच्या आकाराची शेवई होय. घट्ट मळलेला रवा यंत्राच्या साच्यातून दाबून काढतात, आणि साच्याच्या भोकात मध्यभागी एक कांडी असल्यामुळे शेवई पोकळ उतरते. चकलीच्या सोऱ्याचे तत्त्व ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये. महाराष्ट्रातील बन्सी आणि गुजरातच्या भाल प्रदेशातील भालिया हे याच कठीण वर्गातील गहू. भालिया गव्हाला २०११ साली भौगोलिक मानांकनही लाभले. या गव्हातील प्रथिनांचे जाळे पिष्ठाला धरून ठेवते, म्हणून शेवई शिजूनही मोडत नाही. मैद्याची स्वस्त मॅकरोनी लगेच चिकट होते, ती याच्या उलट कारणाने.

दुसरी गोष्ट भट्टीची. सतराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सुरतेत वखार घातली आणि १८२४ च्या करारानंतर ती इंग्रजांच्या हाती गेली. डचांच्या वखारीत पाव भाजण्याचे काम पारशी माणसे करीत आणि जाताना डचांनी आपल्या भट्ट्या त्यांच्यापैकीच एकाच्या, म्हणजे फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या हाती सोपविल्या, अशी हकीकत सुरतेत सांगितली जाते. दोटीवाला घराण्याच्या बेकरीचे स्थापनावर्ष १८६१ असे दिले जाते. त्या काळी पावाचे पीठ ताडीने फुगवीत. उरलेले पाव वाळवून विकता विकता सुरतेची खुसखुशीत बिस्किटे जन्मली, असेही सांगतात. नानखटाईचे नाव तर सुरतेशी कायमचे जोडले गेले आहे.

भट्टीचे काम कोणते? सर्व बाजूंनी कोरडी आच देणे. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थाचे तापमान शंभर अंशांवर जात नाही, त्यामुळे त्याला तांबूस रंग चढत नाही. कोरड्या आचेत पृष्ठभागावरील पाणी उडून जाते आणि दुधातील प्रथिने व साखर यांचा संयोग होऊन तो खरपूस रंग आणि वास येतो. ज्या घरी विजेची भट्टी नाही, तेथे जाड बुडाच्या पातेल्यावर झाकण ठेवून खाली-वर निखारे घालण्याची जुनी युक्ती हेच काम करते. आपल्या आज्या नानखटाई अशाच भाजीत.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट चीजची. सुरतेला स्वतःचे चीज आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. ‘टोपली नु पनीर’ या नावाने ओळखले जाणारे, लहान टोपल्यांत बसवलेले आणि खारट निवळीत ठेवलेले मऊ पनीर ही पारशी घरांची जुनी खासियत. नेहमीचे पनीर लिंबू किंवा इतर आंबट घालून तापलेले दूध फाडून करतात, तर हे पनीर रेनेट घालून दूध हलकेच थिजवून करतात. तरीही मॅकरोनीत विरघळण्याचे काम या दोहोंपैकी एकही करत नाही. आंबटाने फाडलेले पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही, आणि टोपलीतले पनीर मऊ होते, पण त्याला तार सुटत नाही. तार सुटण्यासाठी रेनेटने थिजलेल्या दुधात पुढे योग्य तेवढा आंबटपणाही मुरावा लागतो. म्हणून वितळण्याचे काम मुरवलेल्या चीजकडे द्यावे आणि टोपलीतले पनीर तुकडे करून मध्ये पेरावे. गरम, मसालेदार घासात त्याचा थंड खारटपणा फार रुचकर लागतो.

मुरवलेले चीजही नुसते तापवले तर दगा देते. आच वाढली की त्यातील प्रथिने आखडतात, पाणी व स्निग्धांश बाहेर टाकतात आणि तुपाच्या थारोळ्यात रबराचे गोळे उरतात. यावरचा उपाय व्हाइट सॉस. लोण्यात परतलेला मैदा दुधात शिजला की त्याचे पिष्ठ फुगते, सॉस दाट होतो आणि प्रथिनांचे कण एकमेकांना जाऊन चिकटत नाहीत. म्हणूनच सॉस चुलीवरून उतरवल्यावर मग चीज घालावयाचे असते. बाजारातील प्रक्रिया केलेले चीज सहज वितळते, कारण प्रथिने व स्निग्धांश एकत्र राखणारे क्षार त्यात आधीच मिसळलेले असतात. नवख्या हाताने निम्मे असे चीज वापरल्यास सॉस फुटण्याचे भय उरत नाही.

आता तिखट सॉसेजकडे वळावे. इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रिया नावाचा प्रांत आहे. तेथील स्पिलिंगा या गावाची ‘न्दूया’ प्रसिद्ध आहे. डुकराचे मांस, त्याहून अधिक चरबी आणि भरपूर लाल मिरची एकत्र वाटून ती आतड्यात भरतात, हलका धूर देतात आणि काही महिने मुरवितात. चरबी इतकी की मुरल्यावरही ती घट्ट होत नाही, सुरीने पावाला फासता येते. तिची नातलग आपल्या गोव्यातच आहे. गोव्याचे चोरीस, म्हणजे डुकराचे मांस, सुकी लाल मिरची, लसूण, मसाले आणि माडाच्या ताडीचा व्हिनेगर यांचे सॉसेज. जपमाळेसारखे गुंफून ते वाळवतात आणि धुरावर धरतात. वेष्टन काढून मंद आचेवर ठेवले की ते सुटे होते, लालभडक तेल सोडते आणि पावाशी खाल्ले जाते. दोन्हींतील मिरची अमेरिका खंडाची. ती गोव्यात पोर्तुगीजांच्या जहाजांनी आली, तर कॅलाब्रियावर त्या काळी स्पॅनिश राजांची सत्ता होती. सुरतेच्या दक्षिणेचे दमण १५५९ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

सॉसेजचे काम तीन प्रकारचे: मीठ देणे, स्निग्धता देणे आणि मिरचीचा तिखटपणा पदार्थभर पसरवणे. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळते. तिचा लाल रंगही तसाच. म्हणून तिखट लागल्यावर पाणी प्यायल्याने भागत नाही, दूध मात्र उतारा ठरते. दुधातील केसीन हे प्रथिन तिखट द्रव्याला धरून जिभेवरून दूर नेते. तिखट सॉसेज आणि चीज यांची जोडी का जमते, याचे उत्तर यात आहे.

तथापि दोन्ही सॉसेजे एकाच रीतीने वापरता येत नाहीत. न्दूया मुरवलेली असल्याने न शिजवताही खातात, आणि तिच्यात व्हिनेगर नसल्याने ती सरळ सॉसमध्ये कालवता येते. गोव्याचे सॉसेज मात्र कच्चे असते. ते आधी पूर्ण शिजवलेच पाहिजे. शिवाय त्यातील व्हिनेगरने दुधाचा सॉस फाटण्याचा संभव असतो. म्हणून ते परतून, कोरडे करून, मॅकरोनीच्या दोन थरांमध्ये पसरावे.

सुरतेत हा प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. शहरातील अनेक घरांत मांस शिजत नाही. अशा घरी सॉसेज वर्ज्य, हे उघडच आहे. पण चीजही प्रश्न उभा करते. पारंपरिक रेनेट वासराच्या, करडाच्या किंवा अन्य प्राण्याच्या जठरातून काढलेले असते. दिसण्यात आणि चवीत ते कोठेही कळून येत नाही. आता तेच काम करणारे, सूक्ष्मजंतूंपासून मिळवलेले रेनेट सर्रास वापरले जाते आणि वेष्टनावरील हिरवी खूण पाहून निवड करता येते. सुट्या मिळणाऱ्या पनीराबाबत मात्र विक्रेत्याला विचारणे हाच मार्ग. पाहुण्याला आवडेल की नाही हा पुढचा प्रश्न, त्याला चालेल की नाही हा आधीचा. जे डोळ्यांना दिसत नाही, ते पाहुण्याने विचारण्यापूर्वीच सांगणे हा यजमानाचा धर्म होय. एकाच भांड्यात अर्ध्या भागात सॉसेज घालून ‘तुमचा भाग निराळा’ असे म्हणणेही बरे नव्हे, कारण तापलेली चरबी सीमा पाळत नाही. दोन भांडी करावीत.

मग शाकाहारी भांड्यात सॉसेजचे काम कोणी करावे? त्याचे उत्तर सुरतेतच राहणाऱ्या मराठी घरांत आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली असंख्य कुटुंबे नांदत आहेत. लाल मिरची, लसूण आणि शेंगदाणे हे तर खानदेशी स्वयंपाकाचे प्राण. आठ बेडगी आणि तीन तिखट सुक्या मिरच्या कोमट पाण्यात भिजवून, आठ लसणाच्या पाकळ्या, दोन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे व मीठ यांसह बारीक वाटाव्यात, आणि चार मोठे चमचे तेलात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परताव्यात. मीठ, स्निग्धता आणि तेलात उतरलेली मिरची ही तिन्ही कामे या वाटणाने साधतात. सॉसेजची चव त्यातून येणार नाही, आणि तशी बतावणी करण्याचेही कारण नाही.

चार माणसांसाठी प्रमाण असे: मॅकरोनी २५० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, मैदा ४० ग्रॅम, दूध ६०० मिलिलिटर, किसलेले चीज २०० ग्रॅम, टोपलीतले पनीर १०० ग्रॅम, आणि सॉसेज ७५ ग्रॅम किंवा वरील वाटण तीन मोठे चमचे. अडीच लिटर खारट पाण्याला उकळी आणून मॅकरोनी शिजवावी, पण वेष्टनावर दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी उतरवावी, कारण उरलेले शिजणे भट्टीत होते. लोण्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परतावा, रंग बदलू देऊ नये. त्यात कोमट दूध थोडे थोडे घालीत ढवळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. चमच्याच्या पाठीला सॉस धरू लागला की उतरवावा, आणि दोन मिनिटांनी पाऊण हिस्सा चीज, मिरपूड व चिमूटभर जायफळ घालावे. मीठ चाखूनच घालावे, कारण चीज, पनीर आणि सॉसेज ही तिन्ही खारट असतात.

मॅकरोनी सॉसमध्ये कालवून निम्मी भांड्यात पसरावी. त्यावर तिखटाचा थर व पनीराचे तुकडे, वर उरलेली मॅकरोनी, आणि शेवटी राखून ठेवलेले चीज व टोस्टचा चुरा. मिश्रण भट्टीत जाताना थोडे सैल असावे. घट्ट असेल तर भाजल्यावर कोरडे पडते. २०० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत वीस ते पंचवीस मिनिटांत वरचा भाग सोनेरी होतो आणि कडेने बुडबुडे येतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबावे, म्हणजे सॉस आवळून येतो आणि वाढताना थर मोडत नाहीत.

सुरतेने डचांची भट्टी घेतली आणि तिच्यातून नानखटाई काढली. पारशी घरांनी रेनेटचे पनीर टोपलीत बसवले आणि गावाने त्याला आपल्या ताटात जागा दिली. आलेल्या वस्तूचे काम ओळखून तिला आपल्या घराच्या रीतीत बसवण्याची ही हातोटी आहे. मॅकरोनीच्या बाबतीतही तीच वापरली, तर भांडे परके राहत नाही. आणि त्यात काय आहे हे पंगतीतील प्रत्येकाला ठाऊक असले, म्हणजे ते खाणाऱ्याचा विश्वासही अभंग राहतो.