मान दुखतेय, पण मूळ कुठे?

मानेत मणके 7, पण तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या 8. त्यातल्या खालच्या जोड्या हातातून बोटांपर्यंत जातात, म्हणूनच बिघाड मानेत आणि मुंग्या बोटांत, असं होतं. अंगठ्याकडे मुंग्या येत असतील तर संशय सहाव्या जोडीवर, मधल्या बोटात असतील तर सातव्या, करंगळीत असतील तर आठव्या. त्यामुळे ‘हात दुखतो’ एवढंच सांगू नका. डॉक्टरांना नेमकं बोट दाखवा.

एक्स-रेत ‘गॅप’ किंवा ‘झीज’ दिसली की घरात घबराट पसरते. पन्नाशीनंतर अशी झीज मान कधीच न दुखलेल्यांतही सर्रास आढळते. नुसत्या फिल्मवरून रोग ठरवणं चूकच; आधी हाताने नीट तपासणी व्हायला हवी. बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं असतं आणि काही आठवड्यांत ओसरतं.

मात्र शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणं असू शकतात. तापात मान आखडली, पडल्या-आपटल्यावर दुखू लागली, किंवा छातीत दाब आणि घाम येऊन कळ मान-जबड्यात चढली, तर शेक-मालिश करत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.