चिंध्यांतून फुलवा लेकरांचा कोपरा

शिंप्याच्या दुकानात उरलेले तुकडे, विटलेले लुगडे, शाळेचा आखूड झालेला गणवेश यांना आपण चिंध्या म्हणतो आणि टाकून देतो. पण जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावात याच चिंध्यांची गोधडी होते आणि थंडीत सारे घर तिच्या उबेला निजते. ज्या हातांना गोधडी शिवता येते, त्या हातांना लेकरांसाठी भिंतीवरची शोभाही करता येईल.

"लेकरांना वेगळी खोली कुठून आणायची?" असे भगिनी विचारतील. प्रश्न खरा आहे. एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि अभ्यास, अशी आपली अनेक घरे. खोली देता आली नाही तरी दोन हात भिंत देता येते. वही-पुस्तकाला हक्काची जागा असली की शाळेच्या वेळी शोधाशोध होत नाही, आणि "हे माझे" म्हणायला लेकराजवळ काही असते.

काहींना भिंतीवर चिंध्या लावण्याची लाज वाटेल. दुसऱ्याने टाकलेले जुनेर नेसण्याची पाळी आपल्या आज्या-पणज्यांवर आली होती, म्हणून ही लाज समजण्यासारखी आहे. पण नाइलाजाने अंगावर आलेले ठिगळ वेगळे आणि रंग पारखून, आवडीने जोडलेला तुकडा वेगळा. मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशीच तुकडे जोडलेली चीवरे करायला सांगितली, असे विनयपिटकातील महावग्गात आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड येथे, गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशातील काळ्या स्त्रियांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर मानाने लागल्या.

आता कृती पाहू. जुन्या सुती चादरीचा २ फूट रुंद, ३ फूट लांब दुहेरी तुकडा घ्या. कडा दुमडून शिवा. वर २ इंचांचा नेफा ठेवून त्यात काठी ओवा. काठीच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून ती दोन खिळ्यांना अडकवा.

खालच्या भागात जुन्या पँटच्या जाड कापडाचे दोन खिसे लावा. तयार खिसा १० इंच रुंद, ८ इंच उंच हवा. शिवणीसाठी तिन्ही बाजूंना अर्धा इंच आणि तोंडाशी १ इंच कापड जास्त ठेवा. त्यांच्या वर पेन्सिल, कंगवा यांसाठी तीन लहान खिसे करा. वजनाने खिशाचे तोंड उसवते, म्हणून तिथल्या कोपऱ्यांवर तीन-चार टाके जास्त घाला.

वरच्या भागात चित्र. ते लेकरालाच वर्तमानपत्रावर काढू द्या : हत्ती, मोर, ट्रॅक्टर, पिंपळाचे पान, काहीही. कागद कापून त्या मापाने तुकडे कातरा. कडा पाव इंच आत दुमडून धावदोऱ्याने किंवा काजटाक्याने शिवा. शेवटी लेकराच्या नावाची अक्षरे जोडा. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सुई धरायला शिकवा.

थोडी काळजी घ्या. तुकडे आधी धुऊन वाळवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का, ते पाहा. घरात तान्हे बाळ असेल तर गुंड्या, मणी, आरसे लावू नका. ते तोंडात जातात. लोंबती दोरी बाळाच्या हाताला येऊ देऊ नका. टेरिकॉट, नायलॉन जळताना वितळून अंगाला चिकटते, म्हणून ही शोभा चूल, गॅस आणि मेणबत्तीपासून दूर लावा. भिंतीला ओल येत असेल तर पावसाळ्यात अधूनमधून उन्हात टाका.

वर्षभराने लेकरू वरच्या वर्गात जाईल. तेव्हा एक नवा तुकडा जोडा, त्या वर्षाच्या आवडीचा. त्याच्या वाढीची नोंद भिंतीवर राहील, आणि ती त्याच्या आईने, आजीने घातलेल्या टाक्यांत असेल.