थोराड दिसते, पण लेकरूच आहे

गेल्या महिन्यात लोहा तालुक्यातील एका खेड्यातून एक आजी आपल्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगी दुसरीत शिकणारी, वय सात वर्षे चार महिने. आजी म्हणाल्या, "सायेब, लेकराच्या छातीत गाठ आलीया. बिबा घालून पाहिला, पण बसंना." तपासले तेव्हा डाव्या स्तनाग्राखाली लिंबोळीएवढी, हलणारी, दाबली की दुखणारी चकती हाताला लागली. तिच्यावर बिब्ब्याचा काळा डाग आणि भोवती फोड उठलेले होते. ही गाठ नव्हती. मुलीच्या स्तनांची वाढ सुरू झाली होती, आणि ती वेळेच्या बरीच आधी सुरू झाली होती.

अशा वेळी घरच्या माणसांकडून दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण घाबरून बिबा घालतात, लेप लावतात, कुणी तर "गाठ काढून टाका" म्हणून ऑपरेशनला तयार होतात. ही चकती म्हणजेच पुढे होणारा स्तन असतो. ती कापून काढली तर त्या बाजूचा स्तन जन्मभर वाढत नाही, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे. दुसरी चूक याच्या उलट. "आमची पोर थोराड आहे, मामाच्या वळणावर गेली" असे म्हणून सोडून दिले जाते. या दुसऱ्या चुकीत मीही एकदा सापडलो आहे. ती हकीकत पुढे सांगतो.

नेहमीचे वय कोणते?

मुलगी साधारणपणे ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान वयात येऊ लागते. पहिली खूण म्हणजे स्तनांची वाढ. ती कधी आधी एकाच बाजूला दिसते. त्यानंतर काखेत व जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते आणि पहिल्या खुणेनंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे पाळी ही वयात येण्याची सुरुवात नसून बरीच पुढची पायरी आहे. मुलांमध्ये हा काळ ९ ते १४ वर्षांचा. त्यांची पहिली खूण म्हणजे अंडकोषांची वाढ. मिसरूड आणि आवाज फुटणे नंतर येते.

मुलीत ८ वर्षे पूर्ण होण्याआधी आणि मुलात ९ वर्षे पूर्ण होण्याआधी या खुणा दिसल्या, तर त्याला वेळेआधी वयात येणे म्हणतात. आपल्याकडे पाळी आली की "शहाणी झाली" म्हणतात आणि तेव्हाच सगळ्यांचे लक्ष जाते. तोवर उपचाराची दोन वर्षे निघून गेलेली असतात.

शरीरात काय घडते?

मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे. वयात येण्याची चावी त्याच्याकडे असते. लहानपणी तो शांत असतो. वेळ आली की तो थोड्या थोड्या अंतराने एक हार्मोन सोडू लागतो. त्याच्या हुकमाने खालची पिच्युटरी ग्रंथी जागी होते आणि ती मुलीच्या बीजांडांना किंवा मुलाच्या वृषणांना कामाला लावते. ही चावी वेळेआधी फिरली, तर सगळी गाडी योग्य क्रमाने पण लवकर सुटते. कधी चावी फिरलेलीच नसते. मूत्रपिंडावर असलेली अॅड्रिनल ग्रंथी किंवा बीजांडातील एखादी गाठ आपल्याच मनाने हार्मोन तयार करीत असते. या दोन्ही प्रकारांचे उपचार वेगवेगळे आहेत. म्हणून आधी कारण शोधावे लागते.

उंचीचा फसवा हिशेब

आता माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अहमदपूरकडचे एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलाला खोकल्यासाठी घेऊन आले होते. मुलगा वर्गात सर्वांत उंच, अंगाने भरलेला, तोंडावर बारीक मुरुमे. वडील कौतुकाने म्हणाले, "पैलवान होणार हा." मीही हसलो, खोकल्याचे औषध दिले आणि विषय सोडून दिला. कपडे काढून तपासले नाही. तो मुलगा तीन वर्षांनी पुन्हा आला तेव्हा त्याला मिसरूड फुटली होती, आवाज घोगरा झाला होता. तपासण्यांत अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण हाडांची वाढ जवळजवळ आटोपत आली होती. पहिलीत सर्वांत उंच असलेला तो मुलगा आज चार फूट दहा इंचांचा माणूस आहे.

असे का होते? हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. त्यातून हाड लांबत जाते. वयात येण्याच्या हार्मोन्समुळे हाड आधी भराभर लांबते, पण त्याच हार्मोन्समुळे हा थर लवकर भरून येतो. एकदा तो भरला की कोणत्याही टॉनिकने, पावडरीने किंवा लटकण्याच्या व्यायामाने उंची वाढत नाही. म्हणून ही मुले आधी सर्वांच्या पुढे असतात आणि शेवटी मागे पडतात. शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. सात वर्षांचे मूल एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर वाढले, तर कौतुक करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

कारणे

मुलींमध्ये बहुतेक वेळा कोणताही आजार सापडत नाही. चावी लवकर फिरलेली असते, एवढेच. मुलांचे तसे नाही. त्यांच्यात मागे काही आजार असण्याची शक्यता पुष्कळ अधिक, म्हणून मुलाच्या बाबतीत दिरंगाई नको. मेंदूतील गाठ, मेंदूत पाणी साठणे, लहानपणी झालेला मेंदूज्वर किंवा मेंदूचा क्षयरोग यांमुळेही चावी लवकर फिरते. मुलाला सोबत डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, नजर कमी होणे किंवा झटके असतील, तर त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात न्यावे.

अॅड्रिनल ग्रंथीचा जो दोष मी वर सांगितला, तो आई आणि वडील दोघांकडून आला तरच मुलात उतरतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, कधी सख्ख्या भाचीशीही लग्ने होतात. जवळच्या नात्यात असे दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. घरात आधीचे एखादे बाळ पहिल्या महिन्यात उलट्या होऊन, सुकून गेले असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी. त्या बाळाला हाच दोष असू शकतो.

काही गोष्टी मात्र निरुपद्रवी असतात. नवजात मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून थोडे रक्त जाते, ते आईच्या हार्मोन्समुळे, आणि आपोआप थांबते. दोन वर्षांच्या आतील मुलीची छाती किंचित फुगते आणि पुढे वाढत नाही, तीही बहुधा आपोआप उतरते. पण स्तनांची वाढ नसताना लहान मुलीला अंगावरून रक्त गेले, तर ते पाळीचे समजू नये. इजा, जंतुसंसर्ग, आत अडकलेली वस्तू किंवा कुणी केलेला अत्याचार, यांपैकी काहीही असू शकते. संकोच बाजूला ठेवून लगेच तपासून घ्यावे.

दूध, अंडी आणि ब्रॉयलर कोंबडी

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. म्हशीला पान्हा सोडण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन ही वाईट प्रथा आहे, पण त्याने मुली वयात येत नाहीत. ते हार्मोन पोटात पचून जाते आणि त्याचे काम निराळे आहे. ब्रॉयलर कोंबडी लवकर वाढते ती निवडलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. आंबा, पपई, गूळ हे "गरम" पदार्थही निर्दोष आहेत. तेव्हा मुलीचे दूध-अंडे बंद करू नका.

लठ्ठपणाचा संबंध मात्र खरा आहे. शरीरात चरबी जास्त असलेल्या मुली लवकर वयात येतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर इटलीसह अनेक देशांत अशा मुलींची संख्या वाढल्याचे डॉक्टरांना आढळले. पुण्याच्या तज्ज्ञांनीही तेच नोंदवले. मुले घरात बसली, वजने वाढली, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. नांदेड-लातूरच्या शिकवण्यांच्या धामधुमीत दुसरी-तिसरीच्या मुलांचेही मैदान सुटले आहे. त्यांना रोज तासभर पळू द्या, आणि कुरकुरे, बिस्किटे, थंड पेये यांना आवर घाला.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी स्वस्त आहे. डाव्या हाताच्या पंजाचा व मनगटाचा एक्स-रे काढला की हाडांचे वय कळते. त्यानंतर रक्तातील हार्मोन्स, पोटाची सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभाग आहेत. सुरुवात तेथूनच करावी. गरज पडल्यास ते पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवतात.

मेंदूतील त्या हार्मोनची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या कामासाठी गिलेमिन आणि शॅली या शास्त्रज्ञांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ पासून त्यासारखेच बनवलेले औषध अशा मुलांना दिले जाऊ लागले. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घेतले की चावी पुन्हा बंद होते. साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास ते थांबवले की मुलगी सावकाश वयात येते. पुढे पाळी किंवा मूल होण्यात त्यामुळे अडचण येत नाही. इंजेक्शन महाग आहे आणि प्रत्येकीला ते लागतेच असे नाही. सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्यांना त्याचा लाभ सर्वांत जास्त. सात-साडेसात वर्षांच्या मुलीत वाढ मंद असेल, तर दर तीन-चार महिन्यांनी उंची मोजत राहणेही पुरते.

घरी कसे वागावे?

आजीबाईंनी जाताना मला विचारले, "सायेब, आता साळंत धाडावं का नको?" हा प्रश्न मला त्या बिब्ब्यापेक्षाही जास्त टोचला. शरीर पुढे गेले तरी सात वर्षांच्या मुलीचे मन सात वर्षांचेच असते. तिला भातुकलीच खेळायची असते. १८९१ साली इंग्रजी मुलखात मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेले, तेव्हा पुण्या-मुंबईत मोठा वाद झाला. न्हाण आले की मुलगी संसाराला योग्य झाली, असे विरोधकांचे म्हणणे होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आज लग्नाचे किमान वय येथेही १८ आहे, पण समज पुरती गेलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आपल्या शेजारच्या परभणी आणि बीडचे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट होते. पाळी लवकर आली म्हणून लग्नाचे वय लवकर येत नाही.

मुलीला तिच्या भाषेत सांगा की तुझे शरीर थोडे घाईत आहे, तुझी काही चूक नाही. पाळी आली असल्यास पॅड कसे वापरावे ते आईने दाखवावे, आणि शाळेतील एका बाईंना विश्वासात घ्यावे. तिला बाजूला बसवू नका. ती मोठी दिसते म्हणून घरातली मोठी कामे तिच्यावर टाकू नका. कुणी नको तिथे हात लावला तर ओरडायचे आणि घरी सांगायचे, हे तिला शिकवा. मुलालाही असेच समजावून सांगा. मिसरूड फुटली म्हणून तो मोठा झालेला नसतो.

त्या मुलीच्या हाडांचे वय साडेनऊच्या आसपास निघाले. तिला विष्णुपुरीला पाठवले आहे, तपासण्या चालू आहेत. आजींना मी सांगितले की शाळा एक दिवसही बुडवायची नाही. पालकांनो, आपल्या मुलांची उंची दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून तारीख घालून ठेवा. दवाखान्यात येताना ते आकडे घेऊन या. मला खोकल्यासाठी आलेल्या त्या मुलाच्या घरी अशा खुणा असत्या आणि मी त्या विचारल्या असत्या, तर त्याची तीन वर्षे वाया गेली नसती.