जबड्याचा जोर मोजायचा कसा?

शार्कचा विषय निघाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : सर्वांत जोरात कोण चावतो? एका प्राण्याचे नाव सांगून या प्रश्नाचा निकाल लावता येतो. पण मग जोर म्हणजे काय, तो कोठे लागतो आणि कसा मोजतात, हे सारे बाजूलाच राहते. म्हणून आपण सुरुवात जवळच्या जबड्यांपासून करू.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, वसईच्या खाडीच्या मुखाशी चौक हे कोळ्यांचे गाव आहे. शेजारच्या उत्तन-पालीप्रमाणेच येथेही वलांडीवर बोंबील सुकत असतात. या किनाऱ्यावरच्या मासळीत तीन जबडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. बोंबलाचा जबडा मऊ. पण त्याचे दात सुईसारखे अणकुचीदार आणि आत वळलेले. ते चावण्यासाठी नाहीत, तोंडात आलेला जवळा किंवा लहान मासा बाहेर निसटू नये यासाठी आहेत. पाकटाचे दात बारीक, चपटे, फरशीसारखे दाटीने बसवलेले. त्यांच्यामध्ये खेकडे-शिंपल्यांची कवचे भरडली जातात. तिसरी मुशी, म्हणजे आपल्याकडचा लहान शार्क. तिचे दात पातळ, तिरके, पात्यासारखे असतात. धरणे, भरडणे आणि कापणे, अशी ही तीन कामे आहेत आणि प्रत्येकाला लागणारा जोर वेगळा आहे.

आता जोराकडे वळू. घरातला आडकित्ता घ्या. सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही. बिजागरीजवळ सरकवली की त्याच हाताने सहज फुटते. जबडाही अशीच एक तरफ आहे. सांधा हा तिचा टेकू. तेथून दात जितका दूर, तितका त्याच्या वाट्याला येणारा जोर कमी. म्हणून आपण पेरू पुढच्या दातांनी तोडतो, पण कडक चिक्की दाढेखाली घेतो.

बुल शार्क या जातीचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसते. २८५ सेंटिमीटर लांबीच्या माशाच्या स्नायूंवरून काढलेला जोर पुढच्या दातांशी २,१२८ न्यूटन, तर मागच्या दातांशी ५,९१४ न्यूटन आला. एक किलोग्रॅम वस्तूचे वजन सुमारे १० न्यूटन धरले, तर पुढे सुमारे २१३ आणि मागे ५९१ किलोग्रॅम वजनाइतका दाब झाला. मासा एकच, जबडा एकच, तरी आकडे दोन! म्हणून चाव्याचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या दाताचा आणि किती मोठ्या प्राण्याचा, हे आधी विचारावे.

तिसरा प्रश्न, आकडा मिळाला कसा? २०१२ सालीच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात जिवंत मगरींच्या जबड्यात मापक देऊन जोर नोंदवला गेला. खाऱ्या पाण्यातील मगरीचा तो सुमारे १६,४०० न्यूटन भरला. मोठ्या पांढऱ्या शार्कसाठी सांगितला जाणारा १८,००० न्यूटनचा आकडा मात्र २००८ साली संगणकावरील प्रतिकृतीवरून, ६.४ मीटर लांबीच्या माशासाठी काढलेला आहे. एक मोजलेला आणि एक हिशेबाने काढलेला, असे दोन आकडे एका रांगेत मांडून पहिला-दुसरा क्रमांक लावणे योग्य नाही. शिवाय मिटताना एवढा जोर लावणाऱ्या मगरीचे जबडा उघडणारे स्नायू अगदी दुबळे असतात. मिटलेले तोंड दोरीने बांधून ठेवता येते.

शार्कचे वैशिष्ट्य केवळ जोरात नाही. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. जबड्यांवर चुन्याच्या क्षारांचा कठीण थर असतो. वरचा जबडा कवटीला पक्का जुळलेला नसल्याने चावताना पुढे येतो. दात हाडात रुतलेले नसतात. पडले की मागच्या रांगेतले पुढे सरकतात. बुल शार्कच्या वरच्या दातांना करवतीसारख्या कडा असतात. मासा डोके झटकतो तेव्हा त्या कडा मांस कापतात. जोर थोडा असला तरी धारेच्या अरुंद कडेवर तो एकवटतो आणि दाब फार वाढतो. बोथट विळी आणि धारदार विळी यांतला फरक हाच.

हा मासा आपल्यापासून दूर नाही. चौकच्या उत्तरेला, वसईपलीकडे वैतरणेची खाडी आहे. तेथे मनोरजवळ फेब्रुवारी २०२४ मध्ये शार्कच्या चाव्याने एका तरुणाला पाय गमवावा लागला. बुल शार्क खाडीत आणि नदीच्या गोड्या पाण्यातही शिरतो, हे अशा गावांतील मुलांना माहीत असायला हवे. त्याचबरोबर असे प्रसंग फार विरळ असतात, हेही सांगावे. सर्वांत मोठा मासा, देवमुशी किंवा व्हेल शार्क, हाही शार्कच आहे. पण त्याचे दात अगदी बारीक असतात आणि तो पाणी गाळून प्लवक व छोटे जीव खातो. त्याला २००१ पासून भारतात कायद्याचे संरक्षण आहे.

उलट बाजूने पाहिले तर शार्कलाच माणसाकडून अधिक धोका आहे. आपल्या किनाऱ्यावरची लहान मुशी अंडी घालत नाही, थोड्याच पिलांना जन्म देते. त्यामुळे मासेमारी वाढली की तिची संख्या भरून येणे अवघड जाते. तिची जात आज संकटाच्या उंबरठ्यावर मानली जाते.

वर्गात हा धडा घेताना बाजारातून बोंबील, मुशी आणि पाकट यांची डोकी आणावीत. विद्यार्थ्यांनी भिंगातून दात पाहावेत, चित्रे काढावीत, सांध्यापासून पुढच्या व मागच्या दातांचे अंतर मोजावे आणि त्या प्राण्याचे अन्न काय असेल याचा तर्क करावा. मग ‘सर्वांत जोरात कोण?’ ऐवजी ‘हा जबडा कशासाठी?’ असा प्रश्न मुलेच विचारू लागतील.