प्रत्येक फ्ल्यू फ्ल्यू नव्हे

पाऊस ओसरून हवेंत गारवा आला कीं वर्गांतील कांहीं बाकें रिकामीं दिसूं लागतात, आणि परत आलेल्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठींत बहुधा एकच कारण असतें : फ्ल्यू. ताप, अंगदुखी, घशाची खवखव व खोकला पाहून वडील मंडळींनीं हें नांव दिलें, तर त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु इन्फ्ल्युएन्झाचा जो विषाणु १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं माणसापासून वेगळा केला, तो अशा दुखण्यांच्या अनेक कारणांपैकीं केवळ एक होय.

बाकीचीं कारणें सहजासहजीं हातीं लागलीं नाहींत. पडसें प्रयोगशाळेंतील नेहमींच्या जनावरांस जडत नाहीं. तेव्हां प्रयोगास माणसेंच हवीं. इंग्लंडांत सॉल्सबरीनजीक १९४६ सालीं यासाठीं एक संस्था निघाली व ती १९९० पर्यंत चालली. तेथें लोक स्वखुशीनें येत, इतरांपासून अलग राहत, आणि पडसें आलेल्यांच्या नाकांतील स्राव गाळून केलेले थेंब आपल्या नाकांत घालून घेत! कित्येकांस ती फुकटची सुटीच वाटे.

१९६० सालीं एप्सम येथील एका निवासी शाळेंतील मुलाच्या नाकांतून घेतलेला नमुना या संस्थेच्या हातीं आला. त्याची खूण ‘बी ८१४’. नेहमींच्या रीतीनें तो विषाणु कांहीं केल्या वाढेना. अखेर १९६५ सालीं टायरेल व बायनो यांनीं तो मानवी श्वासनलिकेच्या जिवंत तुकड्यांवर वाढविला. पुढें जून अल्मेडा यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, तों प्रत्येक कणाभोंवतीं प्रभावळ! त्यावरून १९६८ सालीं त्या वर्गास ‘कोरोना’ हें नांव पडलें. या बाईंनीं सोळाव्या वर्षीं शाळा सोडून ग्लासगो येथें प्रयोगशाळेंत नोकरी धरली होती, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०१९ सालीं उद्भवलेला कोविडचा विषाणु याच कुळांतला.

ऱ्हायनोविषाणूंचे दीडशेंहून अधिक प्रकार आहेत. म्हणून एका पडशानें दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाहीं. ॲडेनोविषाणु १९५३ सालीं अमेरिकेंत, शस्त्रक्रियेनें काढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथींत सांपडला. बराकींतील नव्या शिपायांस तो तापानें हैराण करी.

या सर्वांत अधिक भय वाटावें असा विषाणु १९५६ सालीं चिंपांझींस पडसें आलें असतां सांपडला. त्यास आर. एस. व्ही. म्हणतात. थोरल्या मुलास त्यानें चार दिवस नाक वाहतें, इतकेंच. पण तेंच मूल घरीं जाऊन पाळण्यांतील भावंडाचा मुका घेतें. तान्ह्याच्या श्वासनलिकेच्या बारीक शाखा सुजून बुजतात, आणि एकेका श्वासासाठीं त्यास धडपडावें लागतें. इन्फ्ल्युएन्झावरील औषध येथें चालत नाहीं, जीवाणुनाशकें तर यांपैकीं कोणत्याच विषाणूवर चालत नाहींत. म्हणून नांव बरोबर कळण्यास महत्त्व आहे.

याचाच एक भाऊबंद, मेटान्यूमोविषाणु, २००१ सालीं नेदरलंडांत उजेडांत आला. तो नवा असावा असें वाटलें. परंतु जपून ठेवलेलें जुनें रक्त तपासतां १९५८ सालच्या लोकांसहि तो होऊन गेल्याचें दिसलें. आपल्या आजोबांच्या लहानपणच्या ‘फ्ल्यू’पैकीं कांहीं त्याचेच असावेत.